सीटीत कॅल्शियम दिसलं, पण धमनीच्या कुठल्या थरात? बघायचं कसं ते सविस्तर

मी परळ-दादर पट्ट्यातल्या एका सेंटरवर सीटी टेक्नॉलॉजिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट करतात, मी मशीन चालवतो आणि इमेज काढून देतो. पण रोज खिडकीशी कोणीतरी लिफाफा घेऊन येतंच, "दादा, कॅल्शियम स्कोअर चारशे बारा आलाय, म्हणजे आता बायपास का?" त्या आकड्यावरून कॅल्शियम किती आहे ते कळतं, ते कसलं आहे आणि भिंतीच्या कुठल्या थरात बसलंय ते कळत नाही, आणि खरी गंमत तर त्यातच आहे. नवीन ज्युनियर पोरांना मी जे शिकवतो तेच इथे लिहितोय, घरच्यांच्या सीडी उघडून बघणाऱ्यांनाही चालेल.

आधी भिंत समजून घ्या

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला इंटिमा, मधला मीडिया, बाहेरचा अॅडव्हेंटिशिया. बाहेरचा इथे सोडून द्या. इंटिमात कॅल्शियम बसतं ते चरबीच्या प्लाकसोबत, म्हणजे आपण ज्याला ब्लॉकेज म्हणतो त्या खानदानातलं, कोलेस्टेरॉल, सिगरेट, बीपी वगैरे. हे आतल्या बाजूला ढेकळासारखं वाढतं आणि रक्ताची वाट अडवतं. मीडियातलं कॅल्शियम वेगळं, ते मधल्या स्नायूंच्या थरात गोल फिरत बसतं, वाट फारशी अडवत नाही पण नळी कडक करून टाकतं. शुगर जुनी असेल, किडनी कामातून जात असेल, वय झालं असेल तर हे जास्त दिसतं. १९०३ साली मॉन्केबर्ग नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टने याचं वर्णन केलं म्हणून अजूनही त्याच्याच नावाने ओळखतात.

सोपं करून सांगायचं तर टँकरचं पाणी येणाऱ्या बिल्डिंगमधला नळ उघडून बघितलाय का कधी? आत एका बाजूला खाराचा गोळा धरलेला असतो, तसं इंटिमाचं. मीडियाचं म्हणजे पाइप आतून मोकळा, पण पाइपचाच प्लॅस्टिकपणा जाऊन तो कडक झालेला. पाणी येतं, पण पाइप जराही वाकत नाही. वाकत नाही म्हणून हृदयाचा प्रत्येक ठोका भिंतीवर आदळतो, वरचं बीपी वाढत जातं आणि खालचं उतरतं. म्हाताऱ्या माणसांचं १७०-६० असं बीपी येतं त्यामागे बऱ्याचदा मोठ्या धमन्यांचा कडकपणा असतो.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सीटीला हे थर दिसत नाहीत. हृदयाच्या धमनीची अख्खी भिंत एक मिलिमीटरच्या आतबाहेर आणि आपल्या नेहमीच्या मशीनला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचंच वेगळं दिसतं. म्हणजे "हे मीडियात आहे" असं जो म्हणतो तो आकार बघून अंदाज बांधत असतो. अंदाज चांगला असतो, कापून बघितलेल्या नमुन्यांशी ताडून बघितलेला असतो, पण अंदाजच. फोटॉन काउंटिंगची नवी मशीन्स यापेक्षा बारीक बघतात, पण बहुतेकांच्या लिफाफ्यात जी सीडी असते ती साध्या मशीनची.

पायरी १: स्कॅन कुठला झालाय ते बघा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. कॅल्शियम स्कोअरिंगचा स्कॅन म्हणजे डाय (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून सुईने देतात ते औषध) न देता, ईसीजीच्या तालावर, तीन मिलिमीटरच्या स्लाइसने काढलेला हृदयाचा स्कॅन. रेडिएशन साधारण १ मिलिसिव्हर्ट, सुई नाही, क्रिएटिनिनची (किडनीची) तपासणी नाही, उपाशी राहायची गरज नाही. चहा-कॉफी मात्र आधी नको, ठोके वाढले की इमेज हलते, आणि दहाएक सेकंद श्वास धरायचा असतो. आमच्याकडे लोक चौथा मजला चढून, लोकलमधून धक्के खाऊन धापा टाकत येतात आणि लगेच टेबलावर झोपतात. दहा मिनिटं बाहेर बसा, पाणी प्या, काही बिघडत नाही.

दुसरा म्हणजे अँजिओ सीटी, डाय देऊन. यात आतली वाट दिसते, मऊ प्लाक दिसतं, पण कॅल्शियम मोजायला हा वाईट, कारण डाय स्वतःच पांढरा असतो. तिसरा म्हणजे कशासाठी तरी काढलेला साधा छातीचा, डोक्याचा किंवा पायाचा सीटी, त्यात कॅल्शियम आपोआप येतं. साध्या छातीच्या सीटीत हृदय हलतं म्हणून आकडा नीट येत नाही, पण "भरपूर आहे, थोडं आहे, नाहीच" एवढं नक्की सांगता येतं.

पायरी २: सीडी उघडा, बारीक स्लाइस शोधा, विंडो बदला

फिल्मवर काही बघू नका. कॉम्प्युटरवर मायक्रोडायकॉम किंवा मॅक असेल तर होरोस (सीटीच्या इमेज बघायची सॉफ्टवेअर्स) टाका, सीडी लावा. आत पाच-सहा सिरीज असतील, त्यातली एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असलेली उघडा. पाच मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये पातळ बांगडी आणि जाड गोळा दोन्ही सारखेच पांढरे डाग दिसतात, मग तुम्ही कितीही डोळे फाडून बघा.

मग विंडो, म्हणजे इमेजच्या काळ्या-पांढऱ्याची सेटिंग. बाय डिफॉल्ट सॉफ्ट टिश्यूची विंडो असते, तिच्यात कॅल्शियम फुगून दिसतं. बोन विंडो लावा, विड्थ दीड-दोन हजार, लेव्हल तीनशे-पाचशे. बघता बघता तो अंगठ्याएवढा वाटणारा पांढरा डाग आकसून शेंगदाण्याएवढा होतो. या फुगण्याला ब्लूमिंग म्हणतात आणि ते पूर्ण जात नाही, विंडोने फक्त कमी होतं. माझा एक सिनियर म्हणायचा, सॉफ्ट विंडोत कॅल्शियम मोजणं म्हणजे स्वेटरवरून वजन करणं.

हौन्सफिल्ड युनिटचंही सांगतो, कारण पुढे लागणार आहे. गॉडफ्रे हौन्सफिल्ड, ज्याने सीटी बनवला आणि १९७९ साली अॅलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळवलं, त्याच्या नावाचा हा घनतेचा मापदंड. पाणी शून्य, हवा उणे हजार. स्कोअरिंगमध्ये १३० किंवा वर गेलं की कॅल्शियम धरायचं. हे डाय न दिलेल्या, १२० केव्हीवर (एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज) काढलेल्या स्कॅनसाठी. केव्ही कमी केला तर तेच कॅल्शियम जास्त चमकतं, आणि अँजिओत तर नुसता डायच तीनशे-चारशेला जातो, तिथे १३० लावलंत तर अख्खी धमनी कॅल्शियम म्हणून मोजली जाईल.

पायरी ३: हे धमनीतलंच आहे ना?

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षात एका बाईंचा स्कोअरिंग सॉफ्टवेअरवर मार्क करत होतो, सर्कमफ्लेक्स धमनीत (हृदयाच्या डाव्या बाजूने मागे वळणारी) दणदणीत पांढरा पट्टा दिसला, क्लिक केलं, स्कोअर नऊशेच्या वर. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी बघितलं आणि विचारलं, "ही धमनी कुठून कुठे जातेय, दाखव." मी माउस फिरवत राहिलो आणि पट्टा धमनीत जायचं नाव घेईना. तो मायट्रल झडपेच्या कड्यावरचा कॅल्शियम होता. सर्कमफ्लेक्स बरोबर त्याच्या शेजारून जाते म्हणून फसलो. तो काढला तर धमन्यांचा स्कोअर उरला एकवीस. मी तो आकडा आधीच तोंडाने बाहेर सांगितला असता तर त्या बाईंनी रात्र कशी काढली असती देव जाणे.

तेव्हापासून माझा नियम: डाग दिसला की आधी दहा स्लाइस वर, दहा स्लाइस खाली जायचं. धमनीबरोबर वळला तर धमनीचा. एओर्टिक झडप, मायट्रलचं कडं, हृदयावरचं आवरण, जुने स्टेंट, बायपासच्या क्लिप्स हे सगळे नेहमीचे बहुरूपी.

पायरी ४: आडवा छेद घ्या, मग तीन प्रश्न विचारा

हे सगळ्यात महत्त्वाचं, जरा हळू वाचा.

धमनी स्लाइसमधून सरळ आरपार गेली तर गोल दिसते, आडवी पळाली तर लांब दिसते. मीडियाचं कॅल्शियम गोल छेदात बांगडीसारखं आणि लांब छेदात दोन समांतर रेघांसारखं येतं. त्याला ट्राम ट्रॅक म्हणतात. मुंबईची ट्राम १९६४ ला बंद झाली पण आम्हाला तिचे रूळ रोज दिसतात, मुख्यतः शुगरवाल्यांच्या पायात. फक्त एक धोका आहे, धमनी तिरकी कापली गेली तर अर्धवट ढेकूळही रेघेसारखं दिसू शकतं. म्हणून एमपीआर (हव्या त्या कोनात छेद दाखवणारं टूल) उघडून रेषा धमनीच्या अगदी काटकोनात फिरवा आणि खरा गोल छेद येऊ द्या. याला दोन मिनिटं लागतात आणि लोक हीच दोन मिनिटं वाचवतात.

आता प्रश्न. वर्तुळाचा किती भाग पांढरा आहे, नुसता ठिपका, पाव वर्तुळापेक्षा कमी, पाऊण वर्तुळापर्यंत, की जवळजवळ पूर्ण? जाडी किती, दीड मिलिमीटरच्या आत की वर? आणि धमनीच्या लांबीने बघितलं तर सलग आहे की तुटक तुटक, ओबडधोबड?

डोक्याच्या आतल्या कॅरोटिडसाठी (मेंदूला रक्त नेणारी धमनी) २०१७ साली याच तीन गोष्टींना गुण देऊन एक स्कोअर मांडला गेला, कापून बघितलेल्या नमुन्यांशी ताडून. गोलाईला ठिपका १, नव्वद अंशांच्या आत २, नव्वद ते दोनशे सत्तर ३, त्याच्यावर ४. जाड असेल तर १, पातळ असेल तर ३. तुटक असेल तर १, सलग असेल तर ४. बेरीज सात किंवा वर गेली की मधल्या थराकडचं, त्याच्याखाली इंटिमाचं. पातळ आणि सलगला एवढे जास्त गुण का, तर ढेकूळ सहसा पातळही नसतं आणि सलगही नसतं.

करून बघू. समजा डोक्याच्या सीटीत कवटीच्या तळाशी कॅरोटिड वळते तिथे तीनशे अंशांची, एक मिलिमीटर जाडीची, सलग बांगडी आहे. चार अधिक तीन अधिक चार, अकरा. शंकाच नाही, मीडिया. दुसऱ्या बाजूला साठ अंशांचा अडीच मिलिमीटर जाड तुटक डाग, दोन अधिक एक अधिक एक, चार. इंटिमा. आणि दोनशे अंश, पातळ, पण तुटक? तीन, तीन, एक, सात. काठावरचं. असं आलं की मी ज्युनियरला सांगतो, आकडा लिही पण वर पेन्सिलने प्रश्नचिन्हही काढ.

पायांच्या धमन्यांसाठीही याच धाटणीचं बघतात, गोलाई, जाडी, सलगपणा. तिथे एकाच माणसाच्या एकाच पायात दोन्ही प्रकार सापडणं अगदी नेहमीचं आहे, मांडीत ढेकळं आणि पोटरीत रूळ. हृदयाच्या धमन्यांत मात्र जे दिसतं ते जवळपास सगळं इंटिमाचं, तिथे थर शोधत बसण्यात फार अर्थ नाही, तिथे वेगळं बघायचं.

पायरी ५: हृदयात असेल तर आकडा कसा बनतो ते समजून घ्या

अॅगॅट्स्टन आणि मंडळींनी १९९० साली ही पद्धत मांडली. प्रत्येक स्लाइसमधल्या डागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या सर्वात चमकदार बिंदूचा गुणांक. १३० ते १९९ ला एक, दोनशेच्या घरात दोन, तीनशेच्या घरात तीन, चारशे आणि वर चार. एक डाग तीन स्लाइसमध्ये पसरलाय असं धरा. पहिलीत ५ चौरस मिलिमीटर, शिखर ३२०, म्हणजे १५. दुसरीत ४, शिखर ४१०, म्हणजे १६. तिसरीत २, शिखर १८०, म्हणजे २. एकूण ३३. असं सगळ्या डागांचं करत जायचं.

यातली खोच बघा. शिखर ३९९ वरून ४०१ झालं की त्याच पाच चौरस मिलिमीटरच्या डागाचे १५ चे २० होतात. कॅल्शियम वाढलं नाही, पायरी ओलांडली. म्हणून गेल्या वर्षी १८० होता, यंदा १९५ आला म्हणून घरात रडारड करू नका.

शून्य, १ ते ९९, १०० ते ३९९, चारशे आणि वर, अशी ढोबळ वर्गवारी. वय बघितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. सत्तरीत ऐंशी स्कोअर चालून जातो, चाळिशीत तोच ऐंशी म्हणजे गंभीर. वयानुसार तक्ता सॉफ्टवेअरमध्ये येतो तो बहुतेकदा मेसा या अमेरिकन अभ्यासावरचा, ४५ ते ८४ वयाचे गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक. आपण त्यात नाही. दक्षिण आशियाई लोकांसाठी मसाला नावाचा वेगळा अभ्यास अमेरिकेत झालाय, नाव खरंच मसाला आहे, मी बनवलेलं नाही.

आणि उलटं वाटणारी एक गोष्ट. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू केल्यावर मऊ प्लाक घट्ट होतं, कॅल्शियम दाट होतं, स्कोअर वाढू शकतो आणि तरी धोका कमी झालेला असतो. गोळी चालू असताना स्कोअर वाढला म्हणून कोणी गोळी बंद केली असं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दाट, हजार हौन्सफिल्डच्या वर गेलेला जुना दगड तुलनेने शांत असतो. तीन मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके, आणि शेजारी तीस हौन्सफिल्डच्या खालचं मऊ, चरबीचं प्लाक, आणि त्या जागी धमनी बाहेरच्या बाजूला फुगलेली, असं अँजिओत दिसलं तर रेडिओलॉजिस्ट ते ठळक लिहितात, कारण फुटायची भीती अशा प्लाकची जास्त. म्हणजे आकडा लहान आणि काम मोठं, असं होऊ शकतं. शून्य स्कोअरमध्येही नुसतं मऊ प्लाक असू शकतं, खास करून तरुण, सिगरेटवाल्यांत. छातीत खरंच दुखत असेल तर शून्य घेऊन घरी झोपू नका.

पायरी ६: एओर्टा बघायला विसरू नका

डागाच्या जागेवर लक्ष ठेवा. एओर्टात, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, इंटिमाचं कॅल्शियम नेहमी काठावर असतं. डाय न दिलेल्या साध्या सीटीत तीच पांढरी रेघ काठ सोडून आत सरकलेली दिसली तर आतला थर फाटून सुटल्याची शक्यता असते, म्हणजे डिसेक्शन. अशा वेळी सीडी-बीडी सोडा, कॅज्युअल्टीला फोन करा. फुगलेल्या एओर्टात रक्ताची गुठळी जमली असेल तर मात्र रेघ बाहेरच राहते, गुठळी तिच्या आत असते.

पायात असेल तर: आमच्या काकांचं

गिरगावातले माझे काका, शुगर वीस वर्षांची. नवी कोल्हापुरी करंगळीला लागली, फोड आला, महिना झाला तरी भरेना. कुठेतरी पायाचं प्रेशर तपासून घेतलं, एबीआय (घोट्याचं प्रेशर भागिले हाताचं प्रेशर) १.४६ आला, कागदावर "रक्तपुरवठा चांगला" असं लिहिलेलं. काका खूश. मला फोनवर म्हणाले, "अरे, एकच्या वर हवा म्हणे, माझा तर दीड आहे, फर्स्ट क्लास!" मी म्हटलं, "काका, ते फर्स्ट क्लास नाही, तुमची नळी पट्ट्याने दाबलीच जात नाहीये म्हणून आकडा वर गेलाय."

हीच मीडियाच्या कॅल्शियमची चलाखी. एबीआय १.४ च्या वर गेला की तो खोटा मोठा समजायचा आणि पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायचं, कारण बोटातल्या बारीक धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. ते भागिले हाताचं प्रेशर ०.७ च्या खाली आलं की गडबड. काकांचं आलं ०.४२. मग किडनीचे रिपोर्ट बघून पायाचा अँजिओ सीटी झाला. पोटरीत दोन्ही बाजूंना टिपिकल रूळ, बांगड्या एकसारख्या, आणि गुडघ्याच्या वर मांडीच्या धमनीत एक जाड, एकाच बाजूचं ओबडधोबड ढेकूळ. वाट अडवणारं ते ढेकूळ होतं, रुळांनी फक्त एबीआयला फसवलं. पोटरीतली वाट मात्र सीटीत नीट वाचता येईना, पांढऱ्या भिंतीत पांढरा डाय, त्यासाठी कॅथलॅबमध्ये डाय टाकून बघावं लागलं. मांडीतलं ढेकूळ तिथेच फुग्याने उघडलं.

शुगर किंवा डायलिसिसवाल्या माणसाच्या पायाच्या रिपोर्टमध्ये "एक्स्टेन्सिव्ह व्हॅस्क्युलर कॅल्सिफिकेशन" एवढंच लिहिलेलं असलं तर डॉक्टरांना सरळ विचारा, बांगडीसारखं की ढेकळासारखं, कुठल्या धमनीत, आणि अंगठ्याचं प्रेशर घ्यायचं का.

सीडी जपून ठेवा

पुढच्या वेळी तुलना करायची तर तोच केव्ही, तीच स्लाइस, शक्यतो तेच मशीन लागतं, नाहीतर दोन वेगळ्या वजनकाट्यांवरचे आकडे जुळवल्यासारखं होतं. जुनी सीडी नेहमी सोबत आणा, रिपोर्टचा झेरॉक्स पुरत नाही. मी पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवायला सांगतो, कारण पावसाळ्यात लिफाफ्यात चिकटलेल्या सीड्या दरवर्षी दोन-चार तरी माझ्यासमोर येतात. आणि काउंटरवर मागताना "थिन स्लाइससकट द्या" असं तोंडाने म्हणा. नुसती सीडी मागितली तर बऱ्याच ठिकाणी पाच एमएमची देऊन मोकळे होतात, आणि बारीक सिरीज मशीनवरून काही आठवड्यांत पुसली जाते.